आंघोळीच्या पाण्याचा हिशेब

डिसेंबर-जानेवारीत माझ्या पहिल्या तासाला आठवीतली एक मुलगी नेहमी दहा-पंधरा मिनिटं उशिरा यायची. तिच्या दुपट्ट्याला धुराचा वास असायचा. एकदा विचारलं, "घरी गॅस नाही का गं?" म्हणाली, "आहे ना मॅडम, पण तो स्वयंपाकाला. आंघोळीचं पाणी चुलाणावर तापतं. जाळ मलाच बघावा लागतो. अब्बा, दोन्ही भाई, दादा-दादी, सगळ्यांचं झालं की मग माझं."

तिला रागवायला माझं तोंड उघडलं नाही. त्या वर्षापर्यंत आमच्या घरीही हेच चालत होतं. फक्त आमच्याकडे चुलाणापुढं माझ्या सासूबाई बसायच्या.

मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्या बार्शी भागातल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा सिलिंडर आला. स्वयंपाकघरातली चूल गेली, असं आपण म्हणतो. पण ती घराबाहेर गेली नाही, नुसती मागच्या परसात सरकली. रोट्या गॅसवर आणि पाणी जळणावर, अशी वाटणी घरोघरी झाली. सिलिंडर परवडत नाही आणि तुराट्या, बाभळीचा फाटा, गोवऱ्या फुकट मिळतात, असा त्यामागचा हिशेब. फुकट म्हणजे बायकांनी गोळा केलेल्या.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी एकदा फळ्यावर हा हिशेब मांडायला लावला. घरात सहा माणसं, प्रत्येकाला बादलीभर म्हणजे सोळा लिटर पाणी. थंडीत टाकीतलं पाणी अठरा अंशांवर असतं, ते चाळीसवर न्यायचं. सहा बादल्यांना लागणारी उष्णता विजेच्या भाषेत सुमारे अडीच युनिट. तीच उष्णता लाकडात मोजली तर अर्ध्या किलोहून थोडी जास्त. पण उघड्या चुलीत जळणाची जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला लागते, बाकी वाऱ्यावर जाते. म्हणजे रोज चार-पाच किलो लाकूड. महिन्याला सव्वाशे ते दीडशे किलो जळण कुणीतरी तोडतं, वाहतं, वाळवतं आणि धूर खात जाळतं. सरांनी आकडे लिहिले आणि खडू ठेवत म्हणाले, "यात मजुरी धरलेली नाही."

आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना अम्मीच म्हणतो, थंडीत पहाटे पाचला उठायच्या. फजरच्या नमाजला मामूंना आणि मुलांना वजूला कोमट पाणी हवं, त्याच्या आधी जाळ धरला पाहिजे. दव पडलेल्या तुराट्या लवकर पेटत नाहीत. फुंकून फुंकून डोळे लाल. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं. घरी आल्यावर त्या चौथ्याच दिवशी पुन्हा चुलाणापुढं. मी ओरडले तर म्हणाल्या, "हमकू क्या होता, आदत पड़ गई."

मग आम्ही विजेचा गिझर आणला. तीन महिने फार बरं वाटलं. नंतर बिलाकडे नीट पाहिलं. रोजचे अडीच-तीन युनिट म्हणजे महिन्याला पाऊणशे ते नव्वद युनिट वाढले. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभर युनिटच्या आत बसणारं आमचं घर पुढच्या टप्प्यात गेलं, आणि तिथला दर चांगलाच जास्त आहे. त्यात आमच्याकडे बोअरचं जड पाणी. कॉइलवर पांढरा थर बसत गेला आणि चौदाव्या महिन्यात ती जळाली. चुलाण पुन्हा पेटलं. अम्मी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर 'मी म्हटलं नव्हतं का' दिसत होतं.

गिझर घेताना आम्ही त्यावरचे तारे पाहिले होते. त्या ताऱ्यांचा अर्थ मला उशिरा कळला. साठवणीच्या गिझरमध्ये वीज जवळजवळ सगळीच पाण्यात उतरते. तापलेलं पाणी टाकीत उभं असताना किती उष्णता गळते, ते तारे सांगतात. पाच तारे असले तरी सहा बादल्यांना लागणारी वीज लागणारच. बादलीत सोडायचा रॉडही तेवढीच वीज खातो, वर करंटचा धोका. त्याच्याशी कुणी लहान मूल खेळू नये म्हणून मी तो घरातूनच काढला. गॅसचा गिझर स्वस्त पडतो हे खरं, पण तो बंद न्हाणीघराच्या आत बसवू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि आंघोळ करता करता माणूस बेशुद्ध पडून दगावतो. बसवायचाच तर बाहेरच्या भिंतीवर, आत फक्त नळ.

याच सुमाराला आमच्या मशिदीच्या वजूखान्यावर सोलार बसला. चंदा जमवायला वेळ लागला नाही. मामूंनीही दिला. चांगलंच काम झालं, म्हाताऱ्या नमाज्यांची सोय झाली. पण त्या शुक्रवारी दस्तरखानावर मी विचारलं, "मशिदीत तुम्हाला नळाला गरम पाणी. घरात अम्मी पाच वेळा वजू करतात, त्यांच्यासाठी चंदा कुणाकडे मागायचा?" माझे शौहर हसले. मामू हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनीच सोलारवाल्याला बोलावलं.

आता कामाच्या गोष्टी, कारण सोलार घेताना आम्ही ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत.

सहा माणसांना शंभर लिटरची टाकी पुरते. स्वच्छ उन्हात पाणी संध्याकाळपर्यंत साठ अंशांच्या आसपास जातं आणि टाकीला चांगलं आवरण असेल तर सकाळी पन्नासच्या घरात राहतं. पन्नास अंशांच्या शंभर लिटरमध्ये गार पाणी मिसळलं की आंघोळीचं जवळपास एकशे पंचेचाळीस लिटर होतं. मात्र आदल्या संध्याकाळी कुणी भरपूर वापरलं तर फजरला टाकीत गार पाणी उतरलेलं असतं. आमच्याकडे पहिल्या महिन्यात भांडणं झाली ती यावरूनच. शेतातून आलेल्या दिराने संध्याकाळी अर्धी टाकी संपवायची आणि पहाटे अम्मींनी गार नळ उघडायचा. आता नियम आहे: मगरिबनंतर गरम नळ फक्त हातपाय धुण्यापुरता.

आमच्या भागात काचेच्या नळ्यांचा सोलार बरा. तांब्याच्या नळ्यांच्या सपाट पॅनेलमध्ये जड पाण्याचा क्षार बसून वाट बुजते. काचेच्या नळ्यांतही थर बसतो, पण त्या काढून धुता येतात आणि फुटली तर एकच बदलता येते. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून धुवावी. नळ्यांचं तोंड दक्षिणेला हवं आणि गार पाण्याची टाकी सोलारपेक्षा उंचावर हवी, नाहीतर पाणी चढणारच नाही. आमचं जुनं घर माळवदाचं. भरलेल्या टाकीचं नि सांगाड्याचं वजन त्यावर नको, असं फिटरने स्पष्ट सांगितलं. म्हणून न्हाणीघरावर छोटा स्लॅब टाकला. तो खर्च आम्ही धरलाच नव्हता. गरम पाण्याची पाइप सीपीव्हीसीची घ्या, साधी पीव्हीसी नरम पडून वाकते. आणि नळ शक्यतो जवळ. पंधरा मीटर लांब पाइप असेल तर दरवेळी अडीच लिटर गार पाणी आधी वाहून जातं. आम्ही ते बादलीत धरून झाडांना घालतो.

सगळ्यात महागाची चूक माझ्या मुलाने केली. एप्रिलमध्ये नळाला पाच दिवस पाणी नव्हतं, टाकी कोरडी पडली. सहाव्या दिवशी भर दुपारी एकला पाणी आलं आणि त्याने उत्साहाने मोटर चालू केली. रिकाम्या नळ्या उन्हात भयंकर तापलेल्या असतात. गार पाणी आत गेलं आणि फटाके फुटावेत तशा दोन नळ्या फुटल्या. रिकामा झालेला सोलार रात्री किंवा सूर्य उगवायच्या आधीच भरायचा. उन्हाळ्यात पाण्याची खात्री नसेल तर नळ्यांवर गोणपाट टाकून ठेवायचं.

आणखी एक गैरसमज. सूर्यघर योजनेचं अनुदान छतावरच्या विजेच्या पॅनेलला आहे, पाणी तापवणाऱ्या नळ्यांना नाही. आमच्या गावात तीन जण अनुदान मिळेल म्हणून थांबून बसले होते.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांचं काय? त्या आठवीतल्या मुलीच्या आईला मी हाच प्रश्न घेऊन भेटले. सोलारचा आकडा ऐकूनच त्यांनी मान हलवली. पण त्यांच्या माहेरी तांब्याचा जुना बंब पडून होता. बंबात जाळ मधल्या नळीत असतो आणि पाणी त्याच्या भोवती, त्यामुळे चुलाणापेक्षा उष्णता कितीतरी कमी वाया जाते. थोड्या बंबफोडीत काम होतं, आणि एकदा पेटला की पुढं बसून फुंकत राहावं लागत नाही. धूर होतोच, पण कमी. कल्हईवाल्याकडून गळती बंद करून तो त्यांनी परसात मांडला.

दुसरी गोष्ट फुकटची आहे. प्यारे नबी (स.) एका मुदमध्ये वजू आणि एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल करत, हे हदीसमध्ये आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरली ओंजळ, पाऊण लिटरच्या आतबाहेर. चार मुदचा एक साअ. आपण नळ सोडून वजू करतो तेव्हा किती पाणी जातं ते एकदा खाली तांब्या ठेवून मोजा. मी वर्गात मोजायला लावलं तर एका मुलाचे सहा तांबे भरले. गरम पाणी कमी लागलं की जळणही तेवढंच कमी.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत आता ऐन थंडीत येतो आहे. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीत असेल, २०२९ मध्ये जानेवारीत. सहरीला बाई तीन-साडेतीनला उठेल, स्वयंपाक करेल, आणि बाहेर जाळही धरेल. घरात सोलारची किंवा बंबाची चर्चा करायची असेल तर ती त्याच्या आधी करा, आणि त्या चर्चेला जाळ धरणारीलाही बसवा. आमच्याकडे अम्मींनीच सांगितलं की नळ न्हाणीघराच्या आत नको, दाराशी, बसून वजू करता येईल एवढ्या उंचीवर हवा. पुरुषांच्या हे डोक्यातही आलं नसतं.

आमचं चुलाण अम्मींनी मोडू दिलेलं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हा ते पेटतं. पण आता जाळ माझा मुलगा धरतो. पहिल्या दिवशी त्याला अर्धा तास लागला, काडेपेटी निम्मी संपली. अम्मी पडवीत बसून पाहत होत्या आणि तुराट्या कशा रचायच्या ते तिथूनच सांगत होत्या.