घरी लागणारे ऑक्सिजनचे मशीन आणि मेडिक्लेम

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत सुताच्या धुळीने छाती कमजोर झालेली माणसे कमी नाहीत. उतारवयात दम इतका वाढतो की नुसते बसलेले असतानाही रक्तातील ऑक्सिजन 88 टक्क्यांवर किंवा त्याखाली येतो. मग रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टर लिहून देतात की रोज किमान 15 तास ऑक्सिजन चालू ठेवा. त्यासाठी लागणारे कॉन्सन्ट्रेटर घ्यायचे म्हणजे हजारोंची रक्कम एकदम बाहेर पडते. मुले मेडिक्लेमची फाइल काढतात. दहा-बारा वर्षे हप्ते भरलेले असतात, आणि कंपनीचे उत्तर बहुतेक वेळा नकाराचे येते.

नकार का येतो, हे आधीच समजून घेतले पाहिजे. मेडिक्लेम ही मुळात रुग्णालयात भरती झालेल्या माणसासाठी आहे. वॉर्डात दिलेला ऑक्सिजन बिलात धरला जातो. तोच ऑक्सिजन घरी आला की हिशेब बदलतो. अनेक जुन्या पॉलिसींत स्पष्ट कलम असते की बाहेरून वापरायची टिकाऊ उपकरणे आणि नंतर घरी वापरले जाणारे कोणतेही साधन यांचा खर्च मिळणार नाही. विमा नियामकाने न मिळणाऱ्या वस्तूंची 68 नावांची जी यादी केली, तिच्यातही रुग्णालयाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर, नेब्युलायझरचा संच, चालण्याची साधने आहेत. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’लाही ही यादी लागू आहे. सुट्टीनंतरचे 60 दिवस तिच्यात धरलेले आहेत हे खरे, पण ते औषधे, तपासण्या, डॉक्टरांची फी यांसाठी. मशीन त्यात बसते असा पुष्कळांचा गैरसमज आहे.

घरच्या उपचाराचे एक कलम असते. रोगी हलवण्याच्या स्थितीत नसेल किंवा रुग्णालयात जागा नसेल, आणि उपचार तीन दिवसांहून अधिक चालला, तर खर्च मिळतो. पण त्याखालीच बारीक अक्षरात दमा, ब्रॉंकायटिस, मधुमेह, रक्तदाब वगळलेले असतात. म्हणजे ज्याला गरज त्यालाच दरवाजा बंद! कंपन्यांना हे जमतच नाही असेही नाही. 2020 च्या ‘कोरोना कवच’मध्ये घरच्या 14 दिवसांच्या उपचारात ऑक्सिमीटर, ऑक्सिजन सिलिंडर आणि नेब्युलायझर धरले होते.

आता काही कंपन्या जादा हप्ता घेऊन टिकाऊ उपकरणांचे पूरक संरक्षण देतात. आपण व्यापारी लोक ताका घेताना पन्हा, वजन, रीड-पीक सगळे पाहतो. पॉलिसी घेताना मात्र एजंटाच्या जबानीवर भागवतो. त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: उपकरणांच्या यादीत कॉन्सन्ट्रेटरचे नाव आहे काय, कमाल रक्कम किती, आणि आधी रुग्णालयात भरती झालेले असणे जरूरीचे आहे काय? उत्तर कलमाचा आकडा दाखवून घ्यावे. दम लागू लागल्यावर पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारासाठी थांबावे लागते. एप्रिल 2024 पासून ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. म्हणून हे काम छाती धड असतानाच करावे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी माफ झाला, तेवढी बचत या पूरक हप्त्यात घालता येते.

मशीन घेण्याआधी कागद जमवावेत. ‘घरी ऑक्सिजन द्यावा’ एवढ्याने भागत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रोगाचे नाव, मिनिटाला किती लिटर, दिवसाचे किती तास, किती महिने, हे सर्व हवे. रक्तातील वायूंच्या तपासणीचा रिपोर्ट जोडावा. डिस्चार्ज कार्डावरही मशीनचा उल्लेख करवून घ्यावा, सुट्टी झाल्यावर तो मिळवणे मोठे कठीण जाते. बिल रोग्याच्या नावाचे, जीएसटीचे, मशीनचा नंबर असलेले घ्यावे. कच्च्या पावतीवर कोणी पैसे देत नाही, हे आम्ही व्यापाऱ्यांना काय सांगावे! मशीन भाड्याने घेणार असाल तर भाडे मंजूर होईल काय, हे कंपनीकडून लेखी मागावे. गरज दोन-तीन महिन्यांची असेल तर ट्रस्टचे मशीन अनामत ठेवून आणणे आम्हाला बरे वाटते. वीज जाते तेव्हासाठी भरलेला सिलिंडर मात्र जवळ असावा.

कारागिरांची गोष्ट वेगळी. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत धंद्यामुळे होणारा रोग म्हणून नोंदलेला होता. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा जानेवारी 2017 मध्ये 21,000 रुपये झाली. मालकाने नाव नोंदवले असेल तर कामगाराने आधी ईएसआयच्या दवाखान्यात जावे आणि छातीच्या रोगाबरोबर आपले काम व वर्षेही केसपेपरवर लिहून घ्यावीत.

कलम आपल्या बाजूने असूनही दावा नाकारला गेला तर पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत. तेथे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो.