क्षयरोग्याची नोंद ऑनलाइन झाली, पैशाचे काय?

क्षयरोग झोपडपट्टीत, गिरणगावात, सफाई कामगारांच्या चाळीत घर करून राहिलेला आहे. म्हणून २०१२ साली केंद्राने सुरू केलेल्या 'निक्षय' पोर्टलचा प्रश्न हा संगणकाचा नाही, आपल्या वस्तीचा आहे.

पूर्वी उपचाराचे कार्ड, दवाखान्याचे रजिस्टर, थुंकी तपासणीचा कागद, सगळे वेगवेगळे. कार्ड हरवले की रोगी हरवला! आता बीडहून सांगली-कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेल्या मजुराचा निक्षय क्रमांक त्याच्याबरोबर जातो आणि तिथल्या दवाखान्याला मागचा औषधोपचार दिसतो. उपचार अर्धवट सुटला तर औषधाला दाद न देणारा क्षय होतो, हे लक्षात घेता ही सोय मोठी आहे. ती नाकारण्याचे कारण नाही.

पण याच पोर्टलवरून पोषण आहाराचे पैसे जातात. एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये, थेट बँकेत. आधारवर नाव एक, पासबुकावर दुसरे, किंवा खातेच बंद पडलेले, की पैसे अडकले. साधा क्षय सहा महिन्यांत बरा होतो. बरा झाल्यावर जमा झालेल्या रकमेत उपचारातली अंडी आणि डाळ येत नाही. जनतेचे पोषण वाढवणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे संविधानाचे कलम ४७ सांगते; स्पेलिंग जुळल्यावरच, अशी अट त्यात कुठे आहे?

दुसरा मुद्दा गुप्ततेचा. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा कायदा आहे; नोंदी सुरक्षित ठेवण्याचे बंधन त्यात स्पष्ट आहे. क्षयरोग्यासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. मोलकरणीचा रोग मालकिणीला कळला की काम गेलेच. पासवर्ड टेबलाच्या काचेखाली ठेवायचा असेल तर पोर्टलला कितीही कुलपे लावा, काय उपयोग? कोणी, केव्हा, कोणाची नोंद उघडली याचा हिशेब राहिला पाहिजे आणि तो रोग्याला मागता आला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यापुरता माहितीचा अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. रोग्यांची नावे मागू नयेत, मिळणारही नाहीत. गेल्या वर्षी नोंद किती, उपचार चालू असतानाच पहिला हप्ता किती जणांना मिळाला, आणि खात्याअभावी किती जण अडले, एवढे तीन आकडे विचारावेत. उत्तराची मुदत ३० दिवस.