बाकारा: खेळ पाच मिनिटांचा, हिशोब मात्र नीट समजून घ्या

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

गोव्याची ट्रिप ठरली की ग्रुपमधला एक जण तरी म्हणतोच, "मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जाऊया." आणि रील्समध्ये कुणीतरी 'बाकाराचा पॅटर्न' विकत असतो. मकावच्या कॅसिनोंची निम्म्याहून जास्त कमाई याच एका खेळातून होते. म्हणून आज खेळही सांगतो आणि पैशांचा हिशोबही.

खेळ कसा चालतो?

टेबलावर दोन बाजू असतात, 'प्लेयर' आणि 'बँकर'. ही फक्त नावं आहेत हं! प्लेयर म्हणजे तुम्ही नाही आणि बँकर म्हणजे कॅसिनो नाही. कोण जिंकेल यावर तुम्ही पैसे लावायचे, किंवा 'टाय' म्हणजे बरोबरीवर लावायचे.

एक्का म्हणजे १. दोन ते नऊ पानांची किंमत तीच. दहा, गुलाम, राणी, राजा म्हणजे शून्य. बेरीज दहा किंवा त्याच्या वर गेली की फक्त शेवटचा आकडा धरायचा. ज्याचे ९ किंवा त्याच्या जवळ, तो जिंकला.

एक डाव बघा. प्लेयरला सत्ती आणि छक्की आली: १३, म्हणजे ३. बँकरला राजा आणि पंजी: ५. कुणालाही पहिल्या दोन पानांत ८ किंवा ९ आले असते तर डाव तिथेच संपला असता. इथे तसं नाही. प्लेयर ५ किंवा त्याखाली असला की तिसरं पान घेतो. आली पंजी, झाले ८. बँकरने तिसरं पान घ्यायचं की नाही, हे प्लेयरच्या तिसऱ्या पानावरून ठरतं, त्याचा तक्ता ठरलेला असतो. इथे तो घेतो. आली नव्वी, १४ म्हणजे ४. प्लेयर जिंकला.

यात तुम्ही काय ठरवलं? काहीच नाही. पैसे कुठे लावायचे तेवढंच तुमच्या हातात.

मग कुठे लावायचे?

प्लेयर जिंकला तर लावले तितकेच वर मिळतात. बँकर थोडा जास्त वेळा जिंकतो, म्हणून त्याच्या जिंकण्यातून सहसा ५ टक्के कापतात. टायवर आठपट मिळतात. टाय झाला तर बाकी दोघांवरचे पैसे परत.

आठपट ऐकून जीभ चाळवते ना? पण टाय १०० डावांत साधारण साडेनऊ वेळाच होतो. दर १०० रुपयांमागे सरासरी तोटा असा: बँकर १.०६ रुपये, प्लेयर १.२४ रुपये, टाय १४.३६ रुपये.

एक रुपया म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण डाव भराभर होतात. तासाला ६० डाव धरा, प्रत्येकी ५०० रुपये. म्हणजे ३०,००० रुपये फिरले. बँकरवर सरासरी ३१८ रुपये गेले, टायवर ४,३०८!

पॅटर्न आणि डबलिंग

स्क्रीनवर लाल-निळ्या गोलांची रांग दिसते. पाच लाल आले, आता निळा येणार? पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही.

हरलो की दुप्पट लावायचे, हाही सल्ला फिरतो. ५०० पासून सुरू करा आणि सलग सहा वेळा हरा: ३१,५०० रुपये गेले. सातव्यांदा ३२,००० लावायचे, तेही जिंकून हाती फक्त ५०० यावेत म्हणून. सलग सहा हार हे साधारण साठात एकदा घडतं. शिवाय टेबलाला कमाल मर्यादा असतेच.

फोनवर?

नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्नही त्यात उरला नाही. अशा ॲपवर पैसे अडकले तर ते सोडवणार कोण?

गोव्यात, २१ पूर्ण असाल आणि जायचंच असेल, तर सिनेमाच्या तिकिटासारखी एक रक्कम रोख घेऊन जा. ती संपली की डेकवर या, मांडवीचा वारा फुकट आहे. टायला हात लावू नका. आणि उसने पैसे? अजिबात नाही.

हा भाग त्या 'पॅटर्न' पाठवणाऱ्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!