गिनीपिगच्या गाठी व तळपायांचा दाह

गिनीपिगच्या पुढील तळव्यालगत कधी कुरुपासारखी कठीण वाढ दिसते. ती बहुधा निरुपद्रवी असते. मागील पायाची टाच लाल होऊन सुजणे ही मात्र निराळी गोष्ट होय. या प्राण्याच्या तळव्यांवर केस नसतात. तारेच्या जाळीवर किंवा ओल्या गवतावर स्थूल देहाचा भार सतत पडत राहिला म्हणजे कातडी भंगते, व्रणात बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू शिरतात आणि उपेक्षा झाल्यास विकार हाडापर्यंत पोचतो. मनुष्याप्रमाणेच गिनीपिगलाही ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही (होल्स्ट व फ्र्योलिक यांनी १९०७ साली स्कर्व्हीचे प्रयोग याच प्राण्यावर केले). ते अपुरे पडल्यास व्रण नीट भरून येत नाही.

मानेखालील पुवाने भरलेली गाठ पुष्कळदा स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे होते. पाठीवरची गाठ बहुधा केसांच्या मुळांशी वाढलेले सौम्य अर्बुद ठरते. जंतुजन्य विकार म्हटला की घरातील पेनिसिलिन पाजण्याचा मोह होतो. तो घातक होय. त्या औषधाने आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट होतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे विषोत्पादक जंतू माजतात आणि व्रणाने न मेलेला प्राणी उपचाराने दगावतो. औषधाची निवड पशुवैद्याकडेच सोपवावी. पिंजऱ्याची जाळी मात्र त्याच दिवशी काढून सपाट तळ व कोरडे, मऊ गवत घालावे.