मधल्या किमतीचा ग्रुपसेट : एका दशकाचा मागोवा

रोड सायकलचे गिअर, ब्रेक, क्रँक, चेन आणि कॅसेट हे सगळे भाग एकमेकांशी जुळवून एकत्र बनवले की त्या संचाला ग्रुपसेट म्हणतात. शिमानो या कंपनीच्या उतरंडीत वर ड्युरा-एस आणि अल्टेग्रा, खाली टियाग्रा, सोरा, क्लॅरिस आणि मधोमध 105. हा 105 बाजारात आला 1982 मध्ये. 1990 साली ड्युरा-एसमध्ये गिअरची कळ ब्रेकच्या मुठीत आली आणि पुढे काही वर्षांत ती खालच्या संचांतही उतरली. औरंगाबादला (आजच्या संभाजीनगरला) मात्र या घडामोडींशी देणेघेणे नव्हते. त्या काळी तिथे सायकल म्हणजे कारखान्याच्या पाळीला जाणाऱ्याची काळी, बिनगिअरची सायकल.

चित्र पालटले ते 2010 नंतर. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत आणि 600 किलोमीटर 40 तासांत पुरे करायच्या ब्रेव्हे या सायकलफेऱ्या महाराष्ट्रात रुजल्या. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली, 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. नोकरी-व्यवसाय सांभाळून पहाटे दौलताबादच्या रस्त्याला लागणारी मंडळी वाढली आणि पहिली रोड सायकल घेताना ग्रुपसेट कोणता, हा प्रश्न पुढे आला.

त्याचे उत्तर औरंगाबादमध्ये रस्त्यानेच दिले. जालना रोडवर कुठलाही संच चालतो. पण दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादचा घाट लागला, किंवा कन्नडच्या पुढे औट्रम घाट उतरून परत चढायचा असला, की हिशेब दातांचा होतो. शर्यतीच्या जुन्या जोडणीत पुढची लहान चकती 39 दातांची आणि मागची सर्वांत मोठी 25 ची असे. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटर पुढे जाई आणि चढावर गुडघे बोलू लागत. 34 आणि 32 च्या जोडीत तेच अंतर सव्वादोन मीटरवर येते. दमलेल्या पायांनाही तेवढे पेलते. 2014 च्या सुमारास आलेल्या अकरा गिअरच्या 105 मध्ये आखूड केजचा (चेन धरणाऱ्या चौकटीचा) मागचा डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, 28 दातांपर्यंतच जाई, लांब केजचा 32 पर्यंत. 2018 च्या आर 7000 या पुढच्या पिढीत ही मर्यादा 34 झाली. घाटाच्या गावात राहणाऱ्याने डिरेलरवरच्या नावाआधी त्याची केज पाहायची, हे शहाणपण याच काळात आले.

विक्रेत्यांनी मात्र नावच विकले. मागचा डिरेलर 105 चा, कारण तो डोळ्यात भरतो. क्रँक दुसऱ्याच कंपनीची, ब्रेक बिननावाचे, चेन सर्वांत स्वस्त. अशा सायकली ‘फुल 105’ म्हणून विकल्या गेल्या आणि घेणाऱ्याला हे कळले ते उतारावर ब्रेक दाबूनही वेग आवरेना तेव्हा. ही सरळ फसवणूक होती. तेवढ्याच पैशांत पूर्ण टियाग्रा घेणारा अधिक सुखी राहिला.

आणि तरीही ते दशक चांगले होते, कारण संच दुरुस्त होत असे. त्या पिढ्यांतल्या 105 चा एक दोष सर्वज्ञात आहे : गिअरची केबल मुठीच्या आत तीव्र वळण घेते आणि तिथेच तिच्या तारा एकेक करून तुटतात. आधी मागचा गिअर लहान दातांवर उतरायला रेंगाळतो, मग कळ जड लागते आणि शेवटी केबलचे टोक आत अडकते. पहिल्याच लक्षणाला केबल बदलली तर खर्च किरकोळ. अडकलेले टोकही चिमट्याने, टॉर्चच्या उजेडात ओढून काढता येते. हे काम इथल्या मेकॅनिकांनी हाताने आत्मसात केले होते.

2022 मध्ये बारा गिअरचा 105 आला तो केवळ विजेवर चालणारा आणि केवळ डिस्क ब्रेकचा. वर्षभराने केबलचाही आला, पण रिम ब्रेकला त्यात जागा नव्हती. रिम ब्रेकच्या धडधाकट सांगाड्यांना 105 मधल्या वरच्या पायरीचे दार बंद झाले. 2023 पासून शिमानोने क्लॅरिस, सोरा, टियाग्रा यांच्या जागी क्यूस ही मालिका आणायला सुरुवात केली. तिचे कॅसेटचे दात जाड आणि टिकाऊ आहेत, ही जमेची बाजू खरीच. पण जुन्या मुठी आणि डिरेलर तिच्याशी जुळत नाहीत. म्हणजे एक भाग झिजला की संचच बदला. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचा रायव्हल संचही 2021 पासून बिनतारी झाला आहे. मधली किंमत म्हणून जी ओळखली जाई, ती आता वरच्या माळ्यावर जाऊन बसली आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये सायकलींवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, तेवढाच दिलासा. आज संभाजीनगरात नवी सायकल घेणाऱ्याने केबलचा बारा गिअरचा 105, मागे 34 किंवा 36 दातांची कॅसेट आणि हायड्रॉलिक डिस्क हा संच धरावा. तो न परवडला तर क्यूस. ज्याच्याकडे जुना अकरा गिअरचा संच चांगल्या स्थितीत आहे, त्याने तो मोडीत काढू नये. चेन, कॅसेट आणि एक जादा गिअर केबल घरात असू द्यावी आणि लांबच्या ब्रेव्हेआधी मुठीचे रबर मागे सारून केबलचे टोक पाहावे.