जुन्या जोत्यावर नवं घर

काळ्या मातीतल्या घराचा पाया तपासायचा, तर नजर आधी भिंतीवर जाते. औसा तालुक्यातल्या या माळवदाची वरची माती उतरवून झाली होती. दगडी भिंती अजून उभ्या होत्या. मोरीकडच्या कोपऱ्याजवळ एक तडा पायऱ्या-पायऱ्यांनी वर गेलेला, खाली नखाएवढा, वर बोट जाईल इतका. “वर रुंद हाय, म्हंजी कोपरा खाली बसलाय,” मिस्त्री म्हणाले. मालकांना त्याच जोत्यावर दुमजली स्लॅबचं घर हवं होतं. आज्यानं घातलेला पाया हलायचा नाही, हे त्यांचं म्हणणं.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. भिंतीला लागून दोन खड्डे घ्यायला लावले. पहिला समोरच्या अंगाला. कमरेएवढी काळी माती गेली, पुढे पिवळसर थर, मग मुरूम. पायाचा शेवटचा दगड मुरमात टेकलेला. दगडांची सांधमोड नीट, मधूनमधून भिंतीच्या जाडीत आरपार गेलेले दगड. दरजांत पेचकस खुपसला, तर आतली माती कोरडी आणि घट्ट. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात या भागातल्या किती तरी जाड भिंती दोन पदरांत फुटून कोसळल्या, कारण ते पदर बांधणारे आरपार दगडच नव्हते. इथे ते होते.

दुसरा खड्डा मोरीच्या कोपऱ्यात. तिथली माती ओली, दरजा रिकाम्या, घुशीनं पोखरलेलं बीळ थेट भिंतीखाली गेलेलं. पहार सहज आत शिरली. वर्षानुवर्षं मुरणाऱ्या सांडपाण्यानं दरजांतली माती धुऊन नेली होती.

मग इंजिनिअरनं वजनाचा हिशोब मांडला. फूटभर मातीच्या माळवदाचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात. पाच इंची स्लॅबचं तीनशेच्या थोडं वर. अडीच फुटी दगडी भिंतीपुढे नऊ इंची विटेची भिंत तर हलकीच. म्हणजे या पायानं नव्या घराहून जड ओझं पेललं होतं. पण ते भिंतीच्या लांबीभर पसरलेलं. दुमजली घराच्या एका कॉलमखाली वीस-पंचवीस टन भार एकाच जागी येतो. मातीत रचलेले दगड त्याखाली सरकतात. कॉलमला मुरमापर्यंत खोदलेलं स्वतंत्र फूटिंगच लागतं आणि ते खोदताना जुना पाया तुटतो.

मुलासाठी वरच्या दोन खोल्या हव्याच होत्या. म्हणून मोरीकडची बाजू दुमजली ठरली: तिथला खराब पाया उपसून नवे फूटिंग. समोरच्या दोन खोल्या एकमजली, पत्र्याच्या. त्यांचं जोतं तसंच ठेवून वर सलग आरसीसी पट्टा. दोन्ही भागांच्या मध्ये इंचभर फट, कारण नवं काम अजून बसणार आणि जुनं बसून झालेलं. दोन्ही एकसंध बांधली, तर पुढे नेमका तिथेच तडा जातो.

मालकांना फटीचं काही पटेना. “पैशे देऊन भेग घ्यायची व्हय?”

“आप्पा, भेग तर पडणारच. आपण सांगू तिथं पडंल,” मिस्त्री म्हणाले, “पर आधी मोरीचं पाणी गटारीला काढा. नायतर नवा पाया बी तसाच जाईल.”