बाण कुठे, टाका कुठे

भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये पावसाळ्यात एक जॉब परत आला. मशीनची बेसफ्रेम होती. तिच्या उभ्या पट्टीला एकाच बाजूने टाका मारायचा होता. टाका देखणा होता, एकसारख्या खवल्यांचा, कुठे भोक नाही की अंडरकट नाही. पण तो पट्टीच्या भलत्याच बाजूला होता. मी ड्रॉईंग मागितलं, तर हातात आलं झेरॉक्सचं झेरॉक्स. मूळ प्रत शेजारी ठेवली तेव्हा उलगडा झाला. वेल्डिंगच्या चिन्हात सरळ रेघेखाली एक बारीक तुटक रेघ होती, ती झेरॉक्समध्ये उडाली होती. वेल्डरने समोर दिसलं ते वाचलं, आणि त्या कागदापुरतं ते बरोबरच वाचलं.

या चिन्हाचा कणा म्हणजे एक आडवी रेघ. तिच्या एका टोकाचा बाण सांध्याला टेकतो, दुसऱ्या टोकाला गरजेप्रमाणे शेपटी असते. रेघेवर त्रिकोण असला तर फिलेट, म्हणजे कोपऱ्यात भरायचा टाका; इंग्रजी ‘व्ही’ असला तर कडा तिरप्या तासून भरायचा सांधा. बाण रेघेला मिळतो त्या कोपऱ्यावर वर्तुळ असेल तर टाका चौफेर घ्यायचा, झेंडा असेल तर तो साइटवर गेल्यावर मारायचा. शेपटीत १११ म्हणजे हाताने रॉड चालवायचा, १३५ म्हणजे ज्याला शॉपमध्ये सरसकट ‘सीओटू’ म्हणतात ते, आणि १४१ म्हणजे टिग. नवी मुलं या चिन्हाला सांध्याचं चित्र समजतात आणि तिथेच फसतात. जॉब कसाही पडलेला असो, त्रिकोणाची उभी बाजू कागदावर डावीकडेच काढतात. बाण दाखवतो ती सांध्याची ‘बाणाची बाजू’, तिच्या पाठीमागची ती ‘पलीकडची बाजू’. बाकी सगळं या दोन शब्दांवर उभं आहे.

गोंधळ असा, की जगात या चिन्हाच्या दोन बोली आहेत. अमेरिकी रिवाजात रेघेखालचं चिन्ह बाणाच्या बाजूचं आणि रेघेवरचं पलीकडच्या बाजूचं. युरोपी रिवाजात वर-खाली याला महत्त्व नाही. चिन्ह अखंड रेघेवर बसलं तर बाणाची बाजू, तुटक रेघेवर बसलं तर पलीकडची. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २५५३ ने २०१३ साली दोन्ही पद्धती ‘ए’ आणि ‘बी’ म्हणून एकाच पुस्तकात घेतल्या. आपलं भारतीय मानक आयएस ८१३. पण एमआयडीसीतल्या शॉपमध्ये जर्मन गिऱ्हाइकाचं ड्रॉईंग सकाळी येतं आणि अमेरिकी गिऱ्हाइकाचं दुपारी, आणि दोन्ही त्याच टेबलावर पसरली जातात. भोसरीच्या त्या ड्रॉईंगमध्ये त्रिकोण अखंड रेघेवर, म्हणजे बाणाच्या बाजूला होता. तुटक रेघ उडाल्यावर तोच त्रिकोण अमेरिकी वाचनाने पलीकडच्या बाजूचा झाला.

आकड्यांचंही तसंच. फिलेटवर ६ लिहिलंय, पण हे सहा मिलिमीटर कशाचे? अमेरिकी ड्रॉईंगमध्ये ते लेगचे, म्हणजे प्लेटवर टेकलेल्या बाजूचे. युरोपी ड्रॉईंगमध्ये आकड्याआधी अक्षर असतं: ‘झेड’ असेल तर लेग, ‘ए’ असेल तर थ्रोट, म्हणजे कोपऱ्यापासून टाक्याच्या पृष्ठापर्यंतचं सरळ अंतर. थ्रोट लेगच्या सुमारे ०.७ पट भरतो. म्हणून ६ चा थ्रोट हवा तर लेग ८.५ चा लागतो. हिशेब मांडून बघा. ६ च्या लेगला त्रिकोणाचं क्षेत्रफळ १८ चौरस मिलिमीटर येतं, ८.५ च्या लेगला ३६. मीटरभर टाक्याला एकीकडे साधारण १४० ग्रॅम धातू, दुसरीकडे २८०. लेगच्या जागी थ्रोट वाचला तर दुप्पट रॉड जळतात आणि उष्णतेने प्लेट वाकते. थ्रोटच्या जागी लेग वाचला तर सांधा सुमारे तीस टक्के दुबळा राहतो, आणि रंग मारल्यावर ते कुणाच्या नजरेलाही येत नाही. मला या दुसऱ्या चुकीची जास्त भीती वाटते.

तुटक टाक्यांतही हाच घोळ. अमेरिकी ड्रॉईंगवर ५०–१५० म्हणजे ५० मिलिमीटरचा टाका आणि एका टाक्याच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत १५०. युरोपी ड्रॉईंगवर कंसातला आकडा दोन टाक्यांमधल्या मोकळ्या जागेचा.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, आठवी पास मुलालाही खुला. त्या वर्षात हात बसतो, आर्कचा आवाज ओळखता येतो. ड्रॉईंगचा विषयही असतो, पण मी भेटलेल्या बहुतेक मुलांनी तो ‘जोड्या जुळवा’सारखा पाठ केलेला होता. त्रिकोण दाखवला की ‘फिलेट’ म्हणतात. मात्र लोखंडी टी हातात देऊन ‘पलीकडची बाजू कुठली?’ विचारलं की गप्प होतात. हा दोष मुलांचा नाही. चिन्ह फळ्यावर शिकवलं आणि जॉब वर्कशॉपमध्ये दिला, दोन्ही एकत्र कुणी ठेवलेच नाहीत. नुसता चांगला हात असलेला कारागीर आयुष्यभर सुपरवायझरच्या बोटाकडे बघत राहतो, आणि मला ते फार सलतं.

त्या भोसरीच्या शॉपमध्ये सगळे ज्यांना मामा म्हणतात ते जुने वेल्डर आहेत. जॉब परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या झेरॉक्सवर मूळ प्रत बघून तुटक रेघा बॉलपेनने गिरवल्या. मग खडूने थेट प्लेटवर सांध्याचा छेद काढला, शेजारी चिन्ह काढलं आणि हेल्पर मुलाला बोलावलं.

‘‘होल्डर ठेव खाली. बाण कुठं टेकलाय ते आधी बोटानं दाखव.’’

मुलगा ड्रॉईंग बघत जॉबला वळसा घालून पलीकडे गेला, थांबला, परत या बाजूला आला आणि पट्टीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मामांनी त्याच जागी खडूची फुली मारली आणि काच चेहऱ्यावर ओढली.